ओमाई नव्हे, माई!

माझी भाची ईरा चौथीत आहे. परवा तिला मी मोबाइलवर एक चित्र दाखवलं आणि विचारलं, "सांग बघू, हा माणूस कुठला?"

डोक्याला पांढरा फेटा. अंगावर घोळदार पांढरी वस्त्रं. पाय अनवाणी. एक हात जरासा पुढे, नजर लांब कुठेतरी. ईराने डोळे बारीक केले. "अरबस्तानातला," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही नाही, रोमन राजा आहे." मग तिचं लक्ष मागच्या माडांसारख्या झाडांकडे गेलं. "थांब मामा, हा तर आपल्या कोकणातला!"

तिन्ही उत्तरं चुकली. पण चूक ईराची नाही. चित्रकारानेच तशी सोय करून ठेवली होती.

हा माणूस ताहितीकडचा. म्हणजे कुठला? पृथ्वीगोल घ्या आणि पॅसिफिक महासागर तुमच्या नाकासमोर येईल असा फिरवा. सगळं निळंच निळं दिसेल. त्या निळ्यात मोहरीएवढे ठिपके असतील, लहान गोलावर तेही नसतील. आता वर हवाई, उजवीकडे खाली रापा नुई आणि डावीकडे खाली न्यूझीलंड असे तीन कोपरे धरून एक अवाढव्य त्रिकोण काढा. त्याच्या आतल्या बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. त्रिकोणाच्या पोटात ताहिती आहे आणि ताहितीपासून थोडं दूर रायातेआ नावाचं बेट आहे. आपला माणूस तिथला. त्याचं नाव माई.

हसलात ना? ईरापण हसली. तिच्या पणजीला घरात सगळे माईच म्हणतात.

पण गंमत पुढेच आहे. इंग्रजांनी या माईचं नाव 'ओमाई' करून टाकलं. ताहितीच्या भाषेत नाव सांगताना आधी 'ओ' लावतात. 'ओ माई' म्हणजे 'हा माई'. समजा परदेशी पाहुण्याने राजूला नाव विचारलं, राजू म्हणाला "मी राजू" आणि पाहुण्याने वहीत लिहून घेतलं 'मीराजू'. झालं! आता जन्मभर तो मीराजू. बेटाचीही तीच गत. ताहितीला इंग्रज बरीच वर्षं 'ओताहिती' म्हणत होते.

ताहितीच्या लोकांनी याची परतफेडही केली बरं का! त्यांच्या भाषेत व्यंजनं अगदी थोडी. क नाही, ग नाही, स नाही. शिवाय शब्दाच्या शेवटी स्वर हवाच. त्यामुळे प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कूक यांचं तिथे झालं 'तूते'. या हिशोबाने आमच्या शेजारच्या केतकीची होईल 'तेतती'. तुमच्या नावाचं काय होतं, बघा करून.

तर हा माई इंग्लंडला पोचला कसा? तो लहान असताना शेजारच्या बोराबोरा बेटावरच्या लोकांनी रायातेआवर हल्ला केला. त्यात त्याचे वडील मारले गेले, जमीन गेली. माई पळून ताहितीला आला. तिथे 1767 साली 'डॉल्फिन' नावाचं इंग्रजी जहाज आलं, किनाऱ्यावरच्या लोकांशी भांडण जुंपलं आणि जहाजावरून गोळीबार झाला. जखमी झालेल्यांमध्ये माई होता. तुमच्याएवढाच असेल तेव्हा, किंवा थोडा मोठा. लोखंड आणि बंदूक काय करू शकते हे त्याने स्वतःच्या अंगावर पाहिलं. पुढे 1773 मध्ये कूकच्या दुसऱ्या सफरीतलं 'ॲडव्हेंचर' हे जहाज हुआहिने बेटापाशी आलं, तेव्हा माई त्यावर चढला. कुणी पळवून नेलं नाही त्याला. तो आपणहून गेला. त्याच्या मनात एक बेत होता. तो बेत काय, ते मी लगेच सांगणार नाही.

जुलै 1774 मध्ये तो इंग्लंडला पोचला. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले होते, म्हणजे काळ कुठला ते लक्षात येईल.) थोड्याच दिवसांत त्याला थेट राजा तिसऱ्या जॉर्जसमोर उभं केलं. माईच्या आधी ताहितीकडचे दोघे युरोपियन जहाजांवरून निघाले होते. रायातेआचाच तुपाइआ हा थोर वाटाड्या इंग्लंडला पोचण्याआधीच वाटेत वारला. आहुतोरू पॅरिसला पोचला खरा, पण परतीच्या प्रवासात देवीच्या रोगाने गेला. म्हणून माईला देवी टोचायच्या ठरल्या. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती, ती यायला अजून 22 वर्षं होती. देवीच्या सौम्य रुग्णाच्या फोडातला पू थोडासा घेऊन निरोग्याच्या कातडीत टोचायचे. भयंकर वाटतं, पण बहुतेक वेळा साधा ताप येऊन माणूस पुढे देवीपासून वाचायचा. माईला टोचलं ते डॉक्टर डिम्सडेल यांनी. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनलाही त्यांनीच टोचलं होतं.

मग दोन वर्षं माई लंडनमध्ये मजेत राहिला. मखमली कोट, रेशमी कपडे, नाटकं, मेजवान्या. बर्फावर घसरायला शिकला. बुद्धिबळ शिकला आणि बारेट्टी नावाच्या इटालियन विद्वानाला त्याने चक्क हरवलं. इंग्रजीचा पहिला मोठा शब्दकोश करणारे डॉक्टर जॉन्सन एकदा त्याच्यासोबत जेवायला होते. माई आणि एक लॉर्ड उजेडाकडे पाठ करून शेजारीशेजारी बसले होते. दोघांची वागणूक इतकी सारखी, की लॉर्ड कोण आणि माई कोण हे जॉन्सनना कळेना! एका उमरावाच्या बागेत तर त्याने जमिनीत खड्डा खणून, दगड तापवून, त्यात मटण भाजून दाखवलं. रायगडकडच्या मुलांना मडक्यात भाजायची पोपटी आठवली असेल.

या सगळ्या धामधुमीत सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या चित्रकाराने त्याला समोर उभं केलं. 1776 मध्ये चित्र लोकांसमोर आलं. चित्राची उंची 236 सेंटिमीटर. तुमच्या घराच्या दारापेक्षा उंच असेल.

चला, आता आपण गुप्तहेर होऊ. चित्रातलं माईचं काय आणि रेनॉल्ड्सच्या डोक्यातलं काय, ते शोधायचं.

पहिल्यांदा उभं राहणं बघा. ऐटदार, एक पाय जरा पुढे, हात पसरलेला. ही ढब माईची नाही. रोममध्ये अपोलो देवाचा एक जुना संगमरवरी पुतळा आहे, त्याची आहे. रेनॉल्ड्स तरुणपणी रोमला राहून आला होता. कुणाला थोर दाखवायचं असलं की तो त्याला पुतळ्यासारखा उभा करायचा. एका इंग्रज नौदल अधिकाऱ्यालाही त्याने तसंच उभं केलं होतं. म्हणजे ईराने 'रोमन' म्हटलं ते अगदीच चुकलं नव्हतं!

मागचा देखावा? रेनॉल्ड्स आयुष्यात कधी पॅसिफिक महासागरात गेला नाही. ते डोंगर, ते पाणी, ती झाडं, सगळं मनचं.

कपड्यांपाशी मात्र आपल्याला थांबावं लागेल. लंडनमध्ये माई असा पांढऱ्या वस्त्रात फिरत नव्हता, कोट-पँट घालून फिरत होता. फेटा तर अगदी पूर्वेकडच्या कुठल्याशा राजपुत्राचा वाटतो. इंग्रजांना तेव्हा तुर्कस्तान, अरबस्तान, हिंदुस्तान सगळं एकाच पेटाऱ्यातलं वाटायचं. त्या पेटाऱ्यातून एक फेटा काढून त्यांनी ताहितीकराच्या डोक्यावर ठेवला, असं बरेच जण म्हणतात. पण थांबा. ताहितीतही लोक डोक्याला कापड गुंडाळायचे आणि तिथे पांढरं कापड मानाचं समजलं जायचं. तेव्हा या फेट्याचा निकाल आपल्याला लावता येणार नाही. रेनॉल्ड्सने माईचं एक पेन्सिलचित्रही काढलं होतं. ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात नुसता चेहरा आहे आणि मोकळे केस. फेटा नाही. मला विचाराल तर माई त्या पेन्सिलचित्रात जास्त भेटतो.

ताहितीचं कापड कसं असायचं, माहितेय? त्याला ना सूत लागतं ना माग. ते झाडाच्या सालीचं असतं! त्याला तापा म्हणतात. कागदी तुती नावाचं झाड घ्यायचं. बाहेरची खरबरीत साल टाकून आतली पांढरी साल काढायची, पाण्यात भिजवायची, शिंपल्याने खरवडायची आणि मग लाकडी ओंडक्यावर ठेवून धोपटायची. धोपटणं चौकोनी असतं आणि त्याच्या चारही बाजूंना खाचा असतात. आधी जाड खाचांची बाजू वापरायची, मग बारीक, मग आणखी बारीक. हे धोपटणं करतात सुरूच्या लाकडाचं. हो, तोच आपल्या किनाऱ्यावरचा सुरू! चिंचोळी साल धोपटून धोपटून कितीतरी रुंद होते. सालीत लांब लांब तंतू असतात. ओले असताना मार बसला की ते एकमेकांत अडकतात, गुंततात आणि वाळल्यावर तसेच धरून ठेवतात. कागद बनतो तोही असाच. म्हणून तर झाडाचं नाव कागदी तुती.

हे झाड वड, उंबर, फणस यांच्या गोतावळ्यातलं. नीरफणसाचंही तेच कूळ. कोकणात ज्याची कापं तळून खातात ना, तो नीरफणस मूळचा पॅसिफिककडचा आणि ताहितीकरांचं ते रोजचं अन्न.

कागदी तुतीची आणखी एक नवलाची गोष्ट. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. पॉलिनेशियात सापडणारी जुनी झाडं जवळजवळ सगळी मादी आहेत. नर नाही म्हणजे बी नाही. बी नाही तर मग एवढ्या दूरदूरच्या बेटांवर झाडं पोचली कशी? पक्ष्यांनी नेली नाहीत, वाऱ्याने नेली नाहीत. माणसांनी होड्यांतून फांद्या नेल्या आणि जपून लावल्या. 2015 साली शास्त्रज्ञांनी या झाडांचा डीएनए तपासला, तर धागा थेट तैवानच्या दक्षिण भागापर्यंत जाऊन पोचला. माईच्या पूर्वजांचा हजारो वर्षांचा प्रवास एका झाडाने सांगितला! नकाशे नाहीत, होकायंत्र नाही, तारे आणि लाटा वाचत गेलेली माणसं ही. आणि इंग्रज समजत होते की या बेटांचा शोध आपण लावला.

आता हात बघा. चित्र मोठं करून बघा. मनगटाजवळ, पंजावर बारीक बारीक ठिपके दिसतील. ते गोंदण आहे. संपूर्ण चित्रात माझ्या सर्वात आवडीची जागा हीच. झगा बदलता आला, देखावा बदलता आला, उभं राहणं बदलता आलं. गोंदण माईसोबत रायातेआहून आलं होतं, ते रेनॉल्ड्सने तसंच काढलं.

इंग्रजीतला 'टॅटू' हा शब्दच मुळी तिकडचा. तिकडचा मूळ शब्द 'ताताऊ'. कूकच्या जहाजांवरून तो युरोपात पोचला. करायची पद्धत अशी: हाडाची किंवा शिंपल्याची दातेरी फणी एका दांडीला बांधायची, जंगली अक्रोड जाळून केलेल्या काजळीत बुडवायची, कातडीवर टेकवायची आणि दुसऱ्या काठीने वरून ठक ठक मारायचं. आई गं! दुखायचं का? दुखायचंच की.

पण मला एक सांगा. आपली वरची कातडी सतत झडत असते आणि नवी येत असते. मग गोंदण पुसून का जात नाही? कारण ते वरच्या थरात नसतंच. काजळी खालच्या थरात जाते. तिथे शरीराचे राखणदार असतात, परकं काही दिसलं की गिळून टाकणाऱ्या पेशी. त्या काजळीचे कण गिळतात. पण काजळी काही पचत नाही! मग ती पोटात घेऊन पेशी तिथेच बसून राहते. आणि ती पेशी मेली की? कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते लगेच गिळते. 2018 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे पडताळून पाहिलं. म्हणजे गोंदण जन्मभर दिसतं, पण ते धरून ठेवणारे हात बदलत राहतात.

रेनॉल्ड्सच्या रंगांचं मात्र तसं नव्हतं. या थोर माणसाला प्रयोगांची फार खोड. कधी मेण घाल, कधी अंडं, कधी डांबरासारखा पदार्थ. डांबराने चित्रांना भेगा पडायच्या. गालांच्या लालीसाठी तो मेक्सिकोकडच्या एका किड्यापासून केलेला लाल रंग वापरायचा. प्रकाश लागला की त्या रंगाचे रेणू मोडायचे आणि रंग उडायचा. हळदीचा डाग उन्हात ठेवला की फिका पडतो ना, तसंच. त्याने रंगवलेल्या कितीतरी गोऱ्या बायकांचे गाल त्याच्या हयातीतच पांढरेफटक पडले आणि गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. माईचं चित्र बरंच चांगलं टिकलं आहे.

चित्रात माई राजपुत्र दिसतो. खरं तर तो राजघराण्यातला नव्हता. कूकने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाकच मुरडलं होतं, एवढी माणसं सोडून हा कशाला आणला म्हणून. पण लंडनला एक राजपुत्र हवा होता. दूरच्या बेटावर राहणारा, सरळ, साधा, निसर्गातून उगवल्यासारखा. मग तसा रंगवला. विल्यम पॅरी या दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रातही माई पांढऱ्या वस्त्रात आहे. शेजारी जोसेफ बँक्स हा श्रीमंत शास्त्रज्ञ कोट घालून उभा आणि माईकडे हात करून दाखवतोय, तुम्ही विज्ञान प्रदर्शनात आपली प्रतिकृती दाखवता तसा. मला ते चित्र बघताना जरा अवघडल्यासारखं होतं.

सवाई माधवरावांचं चित्रही एका ब्रिटिश माणसानेच काढलं, जेम्स वेल्सने, 1790 नंतर, पुण्यात येऊन. पण तिथे पेशवे आपल्या दरबारात, आपल्या पोशाखात, आपल्या माणसांत बसले आहेत. पाहुणा कोण आणि यजमान कोण, यावर चित्रात बरंच काही ठरतं.

आता तो बेत. माईला बंदुका हव्या होत्या. रायातेआला परत जायचं, बोराबोराच्या लोकांना हाकलायचं आणि वडिलांची जमीन सोडवायची. एवढ्यासाठी तो अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता. राजा भेटला, मखमल मिळाली, बुद्धिबळ झालं, चित्र झालं. चित्रात एवढं सगळं आहे, बंदूक तेवढी नाही.

जुलै 1776 मध्ये कूकच्या जहाजावरून तो परत निघाला. भेटी काय मिळाल्या होत्या! एक चिलखत, वाजवायची पेटी, खेळणी, घोडे आणि हो, काही बंदुकाही. पण कूकने त्याला रायातेआवर चढाई करू दिली नाही. 1777 च्या अखेरीस हुआहिने बेटावर सुतारांनी त्याला एक लाकडी घर बांधून दिलं. खिळे शक्य तितके कमी वापरले, कारण लोखंडासाठी कुणी घरच मोडून नेलं असतं! तिथे माई फार जगला नाही. 1788 मध्ये नीरफणसाची रोपं न्यायला ताहितीला आलेल्या कॅप्टन ब्लाय यांना कळलं, की माई काही वर्षांपूर्वीच आजारपणात गेला. तिशीही गाठली नव्हती त्याने.

चित्र मात्र रेनॉल्ड्सच्या घरीच पडून होतं. त्याच्या मृत्यूनंतर 1796 मध्ये ते गिनी नावाच्या 100 इंग्रजी नाण्यांना विकलं गेलं आणि पुढे दोनशे वर्षं एका उमरावाच्या वाड्यात राहिलं. 2023 साली लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने मिळून ते 5 कोटी पौंडांना घेतलं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने आपले सुमारे 500 कोटी रुपये! आता ते काही वर्षं लंडनला आणि काही वर्षं लॉस एंजेलिसला राहणार. रायातेआ या यादीत नाही. ते बेट आजही फ्रान्सच्या ताब्यात आहे.

चित्राखालच्या पाटीवर मात्र आता 'माई' लिहितात. 'ओमाई' कंसात गेलं.

आता तुमचं काम. तुमच्या आजीच्या किंवा पणजीच्या हातावर, कपाळावर गोंदण असेल तर नीट बघा. ते कधी काढलं, कुणी काढलं, कशाने काढलं, रडू आलं का, सगळं विचारा. मग त्याचं चित्र काढून आमच्याकडे पाठवा. खाली आजीचं नाव लिहायला विसरू नका, आणि लिहिण्याआधी ते तिलाच एकदा विचारून घ्या.